ती वळते तो शॉट

त्या रविवारी वर्गाला एकही मूल गैरहजर नव्हतं, कारण त्या दिवशी खोका उघडणार होता.

वर्ग म्हणजे मार्तंड आगाशे यांच्या घरातली बाहेरची खोली. मुलुंड पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, ते दर मे महिन्यात आसपासच्या मुलांना हलती चित्रं काढायला शिकवत. सोफा भिंतीला सरकवला आणि टीपॉय बाल्कनीत नेला की दहाबारा मुलं मांडी घालून बसतील एवढी जागा व्हायची. मार्तंडराव अडुसष्ट वर्षांचे होते. अंधेरीतल्या जाहिरातींच्या स्टुडिओंत त्यांनी आयुष्यभर हेच काम केलं होतं. कधी साबणाची वडी नाचवली, कधी बिस्किटाला पाय फोडले. त्याआधी, सत्ताविसाव्या वर्षी, एका शिष्यवृत्तीवर ते तोक्योला गेले होते आणि तिथल्या एका स्टुडिओत दीड वर्ष उमेदवारी करून आले होते. खोका तिथून आलेला होता.

"आजोबा, आज नक्की ना?" पहिल्या रांगेतली प्रांजल म्हणाली. ती अकरा वर्षांची होती आणि वर्गात तिचं हे दुसरं वर्ष.

"नक्की."

"मागच्या वर्षी पण नक्कीच म्हणाला होता."

"मागच्या वर्षी तुला चेंडू उडवता येत नव्हता."

"आता तरी कुठे येतो," मागून सर्वेश म्हणाला. "तिचा चेंडू दगडासारखा पडतो."

"तुझा पडतच नाही. वर जाऊन चिकटतो, पालीसारखा."

"दोघांचेही चेंडू ठीक आहेत," मार्तंडराव म्हणाले. "गंधाली येईपर्यंत उजळणी करू. 'राखेचं बंदर'मधली राख कशी केली होती?"

सगळे हात वर गेले. हा जपानी चित्रपट त्यांनी पहिल्याच आठवड्यात मुलांना दाखवला होता. दूरच्या एका ग्रहावर एक बंदर असतं. तिथे आभाळातून दिवसरात्र राख पडत असते. माणसं केव्हाच निघून गेलेली असतात. मागे राहिलेला असतो दिव्याची राखण करणारा एक गंजका यंत्रमानव आणि त्याने लहानाची मोठी केलेली नाओ नावाची मुलगी. शेवटी तिला न्यायला एक जहाज येतं. ती लांबलचक धक्क्यावरून जहाजाकडे चालत जाते, यंत्रमानव मागे उभा राहतो, आणि चित्रपट संपतो. जगात या चित्रपटाचे वेडे पुष्कळ आहेत. तो कसा बनवला याच्या बारीकसारीक गोष्टी ते चाळीस वर्षं गोळा करताहेत.

"खडू किसून!" तीन-चार मुलं एकदम ओरडली.

"बरोबर. काळ्या कागदावर पांढरा खडू किसला, त्याचे वेगळे फोटो काढले आणि चित्रावर चढवले. राख एकाही माणसाने काढलेली नाही. आणि यंत्रमानवाचा आवाज?"

"पाण्याच्या पाइपातून," सर्वेश म्हणाला. "तो माणूस पाइपात तोंड घालून बोलायचा. झकास आयडिया आहे यार, आमच्या चाळीत पण पाइप आहे."

"तुमच्या पाइपात पाणी आलं तर ना," प्रांजल म्हणाली, आणि वर्ग हसला.

"आणि शेवटी नाओ मागे वळून बघते का?"

हसणं थांबलं. हा प्रश्न मुलांना माहीत होता आणि आवडतही होता.

"पिक्चरमध्ये नाही बघत," प्रांजल सावकाश म्हणाली. "पण बघणार होती."

तीच तर गोष्ट होती. चित्रपटात नाओची फक्त पाठ दिसते. पण ती मुळात वळणार होती, तो शॉट काढून झाला होता आणि शेवटच्या क्षणी दिग्दर्शकाने तो गाळला, अशी एक बोलवा चित्रपटवेड्यांमध्ये पहिल्यापासून होती. काहींचा तिच्यावर विश्वास होता, काही तिची टिंगल करत. शॉट कुणीच पाहिला नव्हता. पाहणं शक्यही नव्हतं, कारण त्याची चित्रं रंगवून तयार असली तरी कॅमेऱ्याखाली गेलीच नाहीत. आणि ती चित्रं मुलुंडला, स्वयंपाकघरावरच्या माळ्यात, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात होती.

कारण त्यांतली बरीचशी मार्तंडरावांनी काढली होती. त्या काळची पद्धत अशी होती की हालचालीतली मुख्य चित्रं मोठा चित्रकार काढायचा. डोकं या बाजूला असतानाचं एक, त्या बाजूला गेल्यावरचं एक. त्या दोहोंच्या मधली चित्रं नवशिक्याने भरायची. मग प्रत्येक चित्र पारदर्शक पानावर उतरवून मागच्या बाजूने रंगवायचं. वळण्याच्या शॉटची मुख्य चित्रं इवाकी नावाच्या एका ज्येष्ठ बाईंची होती आणि मधली मार्तंडची. शॉट रद्द झाल्यावर पानं कचऱ्यात जाणार होती. मार्तंडने इवाकीबाईंना विचारलं, मी नेऊ का? त्या म्हणाल्या, ने. इवाकीबाई आता हयात नव्हत्या.

मुंबईला आल्यावर त्यांना आधी तसला कॅमेरा मिळेना. मग वेळ मिळेना. निवृत्तीनंतर दोन्ही मिळालं, तेव्हा त्यांना वाटलं, हा शॉट मुलांच्या हातून व्हावा. मुलांना आधी पान धरायला यायला हवं, आधी थांबायला यायला हवं. पुढच्या वर्षी करू. असे बरेच मे महिने गेले. वळल्यावर नाओचा चेहरा कसा दिसतो, हसरा की रडवेला, असं कुणी विचारलं की ते म्हणत, बघाल तेव्हा कळेल.

या वर्षी मुलांनी मागचं चित्रही रंगवून ठेवलं होतं: करडं आभाळ, लांबलचक धक्का. आभाळ प्रांजलचं होतं.

गंधाली आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. ती याच वर्गातली जुनी विद्यार्थिनी. आता अंधेरीच्या एका स्टुडिओत संगणकावर तेच काम करायची. मेट्रोने घाटकोपर आणि तिथून पुढे असं करत तिने कॅमेऱ्याचा स्टँड, दोन दिवे आणि लॅपटॉप आणला होता.

"सर, त्यांची मेल आली," ती चपला काढता काढताच म्हणाली. चित्रपटाला चाळीस वर्षं झाल्याबद्दल जपानमध्ये एक मोठं पुस्तक निघणार होतं आणि गंधालीने त्या मंडळींना शॉटबद्दल कळवलं होतं. "ते म्हणताहेत, फक्त सांगून उपयोग नाही, चित्रं दिसली पाहिजेत. दिसली तर सगळा शॉट छापू. तुमचं नावही."

"इवाकीबाईंचं आधी," मार्तंडराव म्हणाले.

"हो, हो, त्यांचं आधी. सर, आज खरंच करतोय ना आपण?"

"तू पण प्रांजलसारखीच," ते हसले. "कुंदा, खोका काढतेस?"

कुंदाबाईंनी तो आधीच खाली काढून ओट्यावर ठेवला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी बाहेर आणला. खोक्याभोवती जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर आणखी एक, आणि वरून सुतळी. मुलांनी वाट करून दिली. दर दसऱ्याला हा खोका असाच खाली यायचा. मार्तंडराव आपले ब्रश, टाक आणि हा खोका पाटावर मांडून पूजा करत, झाकण काढून आत एकदा लांब श्वास घेत आणि ठीक आहे म्हणून पुन्हा बंद करत. अशी जुनी पानं खराब व्हायला लागली की त्यांना वास सुटतो, हे त्यांना तोक्योतच शिकवलं होतं.

आताही त्यांनी झाकण उचललं, खाली वाकले आणि लांब श्वास घेतला.

"ठीक आहे," ते म्हणाले.

"ईऽऽ!" सर्वेश मागे सरला. "कसला वास आहे!"

"चायनीजच्या गाडीवर येतो तसा," दुसरा एक मुलगा म्हणाला.

"अरे हो! ते बाटलीत मिरच्या घातलेलं पाणी असतं ना, तसला."

"आजोबा, यात मंचुरियन ठेवलं होतं का?"

नाकं धरून मुलं हसायला लागली. गंधाली हसत नव्हती. तिने स्टँडचा स्क्रू पिळायचं थांबवून मार्तंडरावांकडे पाहिलं.

मार्तंडराव अजून वाकलेलेच होते. त्यांनी पुन्हा एकदा श्वास घेतला, मग सरळ झाले.

"थांबा. एकेकाने सांगा. प्रांजल, कसा वास येतो?"

"आंबट."

"नाकाला झोंबतो?"

"हो. डोळ्यांना पण."

"सर्वेश?"

"तसाच, आजोबा. जोरात येतोय. तुम्हाला नाही येत?"

ते सोफ्याच्या कडेवर बसले. कुंदाबाई कोकम सरबताचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"कुंदा, तुला येतोय वास?"

"येतो की. दर दसऱ्याला येतो." त्यांना हा प्रश्न कळलाच नाही. "मी एकदा विचारलं नव्हतं का तुम्हाला, आंबूस येतोय म्हणून? तुम्हीच म्हणालात, तो तसाच असतो."

"म्हणालो होतो," मार्तंडराव म्हणाले.

गंधालीने मुलांना सरबत घ्यायला सांगितलं आणि खिडक्या सताड उघडल्या. मार्तंडराव उठून स्वयंपाकघरात गेले. कुंदाबाई त्यांच्या मागोमाग गेल्या.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मार्तंडरावांचा वास गेला होता. ताप उतरला, खोकला गेला, वास परत आला नाही. डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम सांगितला होता: रोज सकाळी लवंग, लिंबू आणि कॉफी आलटून पालटून हुंगायची. कुंदाबाई रोज तीन वाट्या समोर धरत आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. बरेच महिने असे गेल्यावर एका सकाळी ते लवंगेच्या वाटीवरून म्हणाले होते, आला. कुंदाबाईंनी त्या दिवशी शिरा केला होता.

"खरं सांगा," त्या आता म्हणाल्या. "लवंगेचा आला होता?"

"नाही."

"लिंबाचा?"

"नाही."

"म्हणजे मुळात आलाच नव्हता."

"तू रोज इतक्या आशेने बघायचीस, कुंदा. एक दिवस मला नाही म्हणवेना. एकदा हो म्हटल्यावर मग रोजच हो म्हणावं लागलं."

"आणि मी त्या दिवशी शिरा केला."

"शिरा छान झाला होता."

"कशावरून?" कुंदाबाई म्हणाल्या.

त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. खोका उघडल्यावर दर दसऱ्याला आपल्या नाकात शिरणारा तो आंबट दर्प त्यांना आठवत होता. नवऱ्याने हुंगून ठीक आहे म्हटलं, म्हणजे तो त्या पानांचाच वास असणार, असं त्यांनी धरून चाललं होतं. या घरात त्या वस्तूबद्दल कळणारा एकच माणूस होता आणि त्याने हुंगलं होतं.

"खूप खराब झालंय का?" त्यांनी विचारलं.

"बघू."

बाहेर मुलं सरबताचे पेले तसेच हातात धरून बसली होती. मोठ्यांचं काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलं होतं. मार्तंडराव नेहमीच्या जागी येऊन उभे राहिले आणि नेहमीच्याच आवाजात बोलायला लागले.

"हे पारदर्शक पान कशाचं करतात माहितीये? कापूस किंवा लाकूड यांचा लगदा घेतात आणि त्यात व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल मुरवतात. पान म्हातारं झालं की ते आम्ल सुटायला लागतं. सुटलेलं आम्ल हवेवर उडून गेलं तर बरं. आत कोंडून राहिलं, तर शेजारच्या पानाला लागतं आणि त्याचंही सुटायला लागतं."

"म्हणजे करोनासारखं?" प्रांजल म्हणाली.

"अगदी तसंच."

"मग औषध?"

"नाही. थंडीत ठेवलं तर सावकाश होतं. थांबत नाही."

"वाट लागली," सर्वेश हळूच म्हणाला. "मग ते पिशवीत कोणी बांधलं होतं? कोंडायला नको होतं ना?"

"मी बांधलं," मार्तंडराव म्हणाले.

"पुरे झालं हो तुमचं," कुंदाबाई दारातून म्हणाल्या. "मी बांधलं रे, बाळा. माळ्यात पावसाचं पाणी झिरपलं होतं. म्हटलं, दोन पिशव्या घालू, घट्ट बांधू."

पावसाळ्याआधी प्रत्येकाच्या घरी असंच होत होतं. गाद्या, कागदपत्रं, गणपतीचं मखर, सगळं पिशव्यांत जायचं.

"सर, हवं तर आज नको," गंधाली म्हणाली. "मी एकटीने बघते. नीट, सावकाश. मुलांना नंतर बोलावू."

"नंतर नको," मार्तंडराव म्हणाले. "आजच करू. यांना पान धरायला मी शिकवलंय."

पहिली पानं बरी निघाली. ती खोक्यात सगळ्यात वर होती. नाओची पाठ, तपकिरी कोट, खांद्यावर रुळणारे केस. पानं लाटांसारखी वाकडीतिकडी झाली होती, पण चित्र दिसत होतं. पानाच्या खालच्या कडेला तीन भोकं असतात. ती स्टँडवरच्या तीन खुंट्यांवर बसवली की प्रत्येक चित्र अचूक आधीच्या जागी येतं. प्रांजलने पहिलं पान दोन्ही तळव्यांवर आणलं आणि खुंट्यांवर धरलं.

"आजोबा, बसत नाही."

"दाबू नकोस. मधलं भोक आधी."

"मधलं बसतं, बाजूची बसत नाहीत. लहान झालंय."

पान आकसलं होतं. गंधालीने खुंट्या काढून टाकल्या आणि पानाचे कोपरे चिकटपट्टीने धरले. अंदाजाने मागच्या चित्राशी जुळवायचं ठरलं. मुलांनी ते नीट केलं. एकजण पान आणायचा, एकजण कोपरे दाबायचा, सर्वेश कॅमेऱ्याचं बटण दाबायचा आणि प्रत्येक वेळी "ओके" म्हणायचा. थोडा वेळ असं वाटलं की होईल.

प्रत्येक दोन पानांच्या मध्ये एक पातळ कागद होता. मधल्या पानांपासून तो सुटेना. मार्तंडरावांनी कागद वर न उचलता आडवा कसा ओढायचा ते दाखवलं. तसा ओढला तरी त्याच्याबरोबर रंग आला. आधी कोटाचा तुकडा गेला, मग केसांचा. पुढच्या पानावर नाओच्या कानापासून गालापर्यंतचा भाग कागदावर निघून आला आणि पानावर त्या जागी प्रांजलचं करडं आभाळ दिसायला लागलं.

"मी नाही ओढला, आजोबा," तो कागद धरलेला मुलगा घाबरून म्हणाला. "तो आपोआप आला."

"मला माहितीये. तू बरोबर ओढलास. पुढचा घे."

ते आम्ल हवेपेक्षा जड असतं आणि खाली साचतं. नाओ जसजशी वळत होती, तसतशी तिची पानं खोक्यात खालीखाली होती. तळाच्या पानांवर रंग जवळजवळ उरलाच नव्हता. रेषा तरी असतील असं गंधालीला वाटत होतं, पण त्याही तांबूस होऊन विरल्या होत्या. दिव्यासमोर तिरपं धरलं तर कुठे हनुवटीची कड दिसे, कुठे काही नाही. सगळ्यात तळाला इवाकीबाईंचं शेवटचं चित्र होतं. नाओ पूर्ण वळलेली. ते पान हातात घेतल्याबरोबर कडकन चिरलं. त्याला चिकटलेला कागद गंधालीने स्वतः काढला. कागदावर रंगांचे डाग आले. पानावर काहीच राहिलं नाही.

सर्वेशने तरीही बटण दाबलं. ओके मात्र तो म्हणाला नाही.

लॅपटॉपभोवती सगळे दाटीने बसले. गंधालीने चित्रं एकापुढे एक लावली. आधी करड्या धक्क्यावर एक मुलगी पाठमोरी उभी दिसली. ती थरथरत होती, कारण कुठलंच पान नेमकं जुळलं नव्हतं. तिचा खांदा हलला, डोकं वळायला लागलं, आणि ती विरायला लागली. कोट गेला. केस गेले. अर्धा कान तेवढा क्षणभर हवेत राहिला. मग नुसता धक्का आणि आभाळ. सगळं मिळून दोन-तीन जांभया द्यायला लागतील तेवढाच वेळ.

"परत लाव ना, दीदी," कुणीतरी म्हणालं.

गंधालीने परत लावलं. तेच दिसलं.

"आजोबा," प्रांजल म्हणाली, "ती हसत होती की रडत होती?"

गंधालीनेही मान वर केली. ती त्यांच्या वर्गात होती तेव्हा तिनेही हेच विचारलं होतं आणि बघशील तेव्हा कळेल हेच उत्तर तिला मिळालं होतं.

मार्तंडराव फळ्याकडे गेले. त्यांनी खडू घेतला आणि एका ओळीत डोकी काढायला लागले. पाठमोरं डोकं. थोडं वळलेलं. कान पुढे येतो तो कसा, गालाची कड केसांतून बाहेर पडते ती कशी. हात जराही अडखळत नव्हता. एवढी वर्षं झाली तरी तो वळण्याचा वेग त्यांच्या बोटांना पाठ होता. एकेका डोक्याबरोबर मुलं पुढे सरकत होती. नाक दिसलं. एक डोळा कडेने दिसायला लागला. शेवटचं डोकं काढायच्या जागी ते आले, त्यांनी गोल काढला, आणि थांबले.

त्यांनी डोळे काढले. पुसले. पुन्हा काढले, ओठांची रेघ ओढली, जरा मागे सरून पाहिलं. ती कुठलीही मुलगी असू शकली असती. त्यांनी ती पुसली.

"मधली चित्रं माझी होती, बाळा," ते म्हणाले. "शेवटचं इवाकीबाईंचं. मी ते समोर ठेवून बाकीची काढत होतो."

"म्हणजे तुम्हाला आठवत नाही?"

"मला वाटायचं, आठवतंय."

"शेवटचं कधी पाहिलं होतं तुम्ही?" सर्वेशने विचारलं. "दसऱ्याला?"

"दसऱ्याला फक्त झाकण काढायचो. पानं हाताळली की खराब होतात ना. एखादं वरचं बघितलं असेल. तळापर्यंत गेलो नाही."

"मग आपण ठरवूया ना," मागून एकजण म्हणाला. "हसत होती. सगळ्यांनी तसंच काढूया."

"तुम्ही काढा. छान काढाल." मार्तंडरावांनी खडू ठेवला. "पण ती तुमची नाओ होईल. तीच होती असं म्हणायचं नाही. तेवढं पाळा."

एरवी यावर मुलांनी कागद ओढून घेतले असते. त्या दिवशी कुणी घेतले नाहीत. जेवायची वेळ झाली होती. मुलं एकेक करून चपला शोधायला लागली. जाताना प्रांजलने विचारलं, "आजोबा, उद्या वर्ग आहे?" ते म्हणाले, "आहे." ती म्हणाली, "मी बहुतेक नाही येणार. आम्ही गावाला चाललोय." तिच्या शेजारची मुलगी तिच्याकडे बघायला लागली, कारण प्रांजलच्या घरचे गावाहून आठवड्यापूर्वीच आले होते.

गंधाली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. तिने मेल लिहायला घेतली होती आणि पहिल्या ओळीनंतर थांबली होती.

"सर, काय लिहू त्यांना?"

"शॉट होता म्हणून लिही. इवाकीबाईंनी काढला होता म्हणून लिही."

"ते पुरावा मागणार."

"तो नाही म्हणून लिही."

"ही पहिली काही चित्रं पाठवू? पाठमोरी?"

"पाठमोरी तर चित्रपटातही आहे, गंधाली. ते म्हणतील, चित्रपटातल्याच शॉटची उरलेली पानं आहेत. मीसुद्धा तेच म्हटलं असतं."

"तुम्ही स्वतः तिथे होता असं मी लिहीन."

"तिथे मी नवशिका होतो. नवशिक्यांची नावं चित्रपटात दिली नाहीत."

ती थोडा वेळ टाइप करत राहिली, मग तिने सगळं पुसलं. "म्हणजे पुस्तकात छापून येणार की असा शॉट नव्हताच."

"नाही, तसं नाही छापणार. अशी एक दंतकथा आहे, असं छापतील."

"सर, मी तुम्हाला तेव्हाच म्हणत होते. माझ्या वर्षी. मी किती मागे लागले होते." तिचा आवाज वर गेला आणि तिनेच तो खाली आणला. "सॉरी."

"तू म्हणत होतीस," मार्तंडराव म्हणाले. "तुला तेव्हा येतही होतं सगळं. मला उगीच वाटलं, आणखी थोडं शिकू दे."

गंधालीने दिवे उतरवले, स्टँड मिटला आणि वायर गुंडाळली. जेवून जा, असं कुंदाबाई दोनदा म्हणाल्या. तिने स्टुडिओत काम असल्याचं सांगितलं, रविवार असूनही, आणि ती गेली. मेल तिने लिहिली की नाही, ते मार्तंडरावांनी नंतरही कधी विचारलं नाही.

पानं पुन्हा खोक्यात भरायची नव्हती. मार्तंडरावांनी ती बाल्कनीत टीपॉयवर सुटी पसरली आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला जुने ब्रश ठेवले. उन्हात ती आणखी वाकणार हे त्यांना माहीत होतं. कुंदाबाई खाली बसून चिकटलेले कागद गोळा करत होत्या. बहुतेकांवर तपकिरी नाही तर काळे डाग होते. ते एकावर एक ठेवता ठेवता त्या एका कागदापाशी थांबल्या. त्याच्यावर गव्हाळ रंगाचा एक मोठा डाग होता, त्यात दोन ठिकाणी पांढरट आणि एका ठिकाणी लालसर काहीतरी आलं होतं. तोच शेवटच्या पानाचा कागद असावा. त्यांनी तो फिरवून पाहिला, मग उलटा करून पाहिला.

"अहो, हा ठेवायचा ना? हा कुठून धरायचा?"

मार्तंडरावांनी कागद हातात घेतला. खिडकीपाशी नेऊन त्यांनी तो एका बाजूने पाहिला, दुसऱ्या बाजूने पाहिला, खाली-वर केला. लालसर होतं ते ओठ असतील किंवा दिव्याचा गालावर पडलेला उजेड असेल. बराच वेळ झाल्यावर त्यांनी तो कुंदाबाईंकडे परत दिला.

"कसाही धर," ते म्हणाले.